चिंता आणि अध्ययन

विद्यापीठाच्या परीक्षांचे निकाल लागले, की घरोघर एक वाक्य हमखास ऐकू येते : “सगळे येत होते, पण प्रश्नपत्रिका हातात पडली आणि काही आठवेनासे झाले.” हे बोलणारा विद्यार्थी खोटे बोलत नसतो. ऐकणारी वडील मंडळी मात्र त्यावर दोहोंपैकी एक उत्तर देऊन मोकळी होतात. एक तर ती सबब आहे असे समजून अभ्यासच झाला नव्हता असा निवाडा देतात. नाही तर पोराचा स्वभावच भित्रा, त्याला परीक्षा सोसत नाही, असे म्हणून हळहळतात. पहिल्या उत्तरात कठोरपणा आहे, दुसऱ्यात माया आहे. परंतु चिंता म्हणजे काय आणि विद्येच्या वाटेत ती नेमकी कोठे आडवी येते, याचा विचार दोहोंतही नाही.

मानसशास्त्राने हा विचार गेली सत्तरांहून अधिक वर्षे चिकाटीने केला आहे. त्यातून जे हाती आले आहे ते विद्यार्थ्याच्या तक्रारीला काही अंशी दुजोरा देणारे आहे आणि काही अंशी तिला वेगळे वळण लावणारे आहे. परीक्षेच्या दालनात चिंता काहीएक हिरावून नेते, हे खरे. पण तिची मोठी लूट त्याआधी कित्येक आठवडे, अभ्यासिकेत, पुस्तक समोर उघडे असताना चाललेली असते. तिकडे कोणाचेच लक्ष नसते, खुद्द विद्यार्थ्याचेही नसते.

आरंभ शरीरापासून करणे सोयीचे होईल. १९१५ साली हार्वर्ड येथील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी भय, क्रोध, वेदना आणि भूक यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक मासलेवाईक नोंद आहे. हार्वर्डच्या फुटबॉल संघातील २५ जणांची मूत्रतपासणी हंगामातील सर्वांत चुरशीच्या सामन्यानंतर करण्यात आली, तेव्हा १२ जणांच्या मूत्रात साखर सापडली. आणि त्या १२ पैकी ५ जण राखीव खेळाडू होते, ते मैदानात उतरलेसुद्धा नव्हते. वैद्यकाच्या नऊ विद्यार्थ्यांची अशीच तपासणी झाली. अवघड परीक्षेनंतर चौघांच्या मूत्रात साखर आढळली, सोप्या परीक्षेनंतर एकाच्याच. संकट दिसले की शरीर झुंजीची किंवा पळण्याची तयारी करते. रक्तात साखर सोडते, हृदयाचे ठोके वाढवते, तळहात ओले करते. हजारो वर्षे ही व्यवस्था माणसाच्या उपयोगी पडली. बाकावर बसून तीन तास लिहायचे असलेल्या मनुष्याला मात्र झुंजताही येत नाही आणि पळताही येत नाही. सगळी जय्यत तयारी होऊन सैन्य छावणीतच बसून राहावे, तशी ही अवस्था असते.

तरीसुद्धा धडधडणारे हृदय आणि कापणारा हात हे खरे अपराधी नव्हेत. १९५२ साली येल विद्यापीठात जॉर्ज मँडलर आणि सेमूर सॅरासन यांनी परीक्षेच्या चिंतेचे मोजमाप करण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली आणि या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाला प्रारंभ झाला. पुढे १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस या दोघांनी या चिंतेचे दोन घटक वेगळे करून दाखवले. एक शारीरिक उद्वेग : घाम, धडधड, पोटात गोळा येणे. दुसरी मनातली काळजी : “बाकीचे किती भराभर लिहिताहेत”, “हा प्रश्न सुटला नाही तर”, “घरी काय सांगायचे” हे आत चाललेले अखंड बोलणे. गुण कमी पडण्याशी निकटचे नाते आढळले ते या दुसऱ्या घटकाचे. उद्वेगाचे नाते पुष्कळच सैल निघाले. हात थरथरत असताना उत्तम उत्तरपत्रिका लिहिणारे विद्यार्थी असतात, आणि वरवर शांत दिसणारा, पण आत स्वतःशीच वाद घालीत बसलेला विद्यार्थी मागे पडतो.

आतल्या या बोलण्याने नुकसान का व्हावे? याचे उत्तर मराठी शाळेत अंकगणित शिकलेल्या कोणालाही सहज कळेल. सत्तेचाळीसला आठाने गुणायचे आहे. सात आठे छप्पन्न. सहा मांडले, हातचे पाच. चार आठे बत्तीस आणि हातचे पाच, सदतीस. उत्तर तीनशे शहात्तर. आता प्रश्न असा, की बत्तीसपर्यंत पोचेतो ते हातचे पाच राहिले कोठे? कागदावर ते नव्हते. पाठ केलेल्या पाढ्यांतही ते नव्हते, कारण ते या उदाहरणापुरते क्षणभर जन्माला आले आणि लगेच संपले. मनाच्या ज्या लहानशा जागेत ते तेवढा वेळ धरून ठेवलेले होते, तिला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिचा जो आराखडा मांडला, तो अनेक दुरुस्त्यांसह आजही वापरात आहे. या जागेचा मुख्य विशेष असा, की ती फार अपुरी आहे. मोजक्या गोष्टी तीत मावतात. नवी आत शिरली की जुनी बाहेर पडते.

लांबलचक वाक्याचा अर्थ लावताना वाक्याचा कर्ता याच जागेत धरून ठेवावा लागतो. सिद्धांताची तिसरी पायरी समजून घेताना पहिल्या दोन पायऱ्या येथेच असतात. आणि चिंतेचे ते आतले बोलणेही येथेच चालते, कारण त्याला दुसरी जागा नाही. बुद्धी जशीच्या तशी असते; तिला बसायला जी चटई होती, तिची अर्धी अधिक कोणीतरी अडवून ठेवलेली असते. म्हणून पाठांतराच्या प्रश्नात चिंतेचा फटका कमी बसतो आणि जेथे हातचे आकडे पुष्कळ सांभाळावे लागतात, अशा गणिती किंवा तार्किक प्रश्नांत तो अधिक बसतो.

मायकेल आयझेंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून या विचारात एक मोलाची भर घातली. त्यांचे म्हणणे असे, की चिंताग्रस्त मनुष्याचे काम नेहमी बिघडतेच असे नाही. पुष्कळदा तो अधिक कष्ट घेऊन तेच फळ मिळवतो. म्हणजे जमेची बाजू तीच दिसते, खर्चाची मात्र वाढलेली असते. गुणपत्रिकेत केवळ जमेचा रकाना छापलेला असतो, त्यामुळे हा वाढीव खर्च कोणाच्या दृष्टीस पडत नाही. प्रथम वर्गात उत्तीर्ण होणारी आणि तरीही दर परीक्षेनंतर आजारी पडल्यासारखी दिसणारी मुलगी काळजीचे कारण आहे, असे तिच्या महाविद्यालयाला वाटत नाही, ते यामुळेच.

मराठी घरांतून येणाऱ्या फार मोठ्या विद्यार्थिवर्गाच्या बाबतीत येथे आणखी एक भार लक्षात घ्यावा लागतो. चंद्रपूर किंवा बीडकडच्या मराठी शाळेतून आलेला मुलगा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बसतो. दिल्लीत किंवा इंदुरात वाढलेल्या मराठी मुलीची घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि विद्यापीठातील व्याख्यानाची तिसरी असते. परक्या भाषेत ऐकणे हे स्वतःच कार्यस्मृतीचे काम आहे. त्यात शंका विचारायची झाली, तर आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवायचे, त्यातील क्रियापद तपासायचे, कोणी हसेल काय याचा अंदाज घ्यायचा; आणि वाक्य तयार होते तोवर अध्यापक पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. शंका राहिली ती राहिलीच, शिवाय मधली चार मिनिटेही ऐकली गेली नाहीत. परभाषेच्या वर्गातील या विशिष्ट चिंतेचे मोजमाप इलेन हॉरविट्झ यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत तयार केले. ते भाषा शिकवण्याच्या वर्गासाठी होते. भारतातील विद्यार्थी भाषेच्याच नव्हे, तर भौतिकशास्त्राच्या आणि विधीच्या तासालाही त्या वर्गात बसलेला असतो.

“येत होते, पण आठवले नाही” या तक्रारीला शरीरशास्त्राचाही एक आधार आहे, तो सांगितला पाहिजे. ताणाच्या वेळी मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. उंदीर-घुशींच्या जातीतील प्राण्यांमध्ये याच वर्गातील द्रव्याचा स्मरणावर होणारा परिणाम द केर्व्हेन, रोझेंडाल आणि मॅकगॉ यांनी तपासला. पाण्यातून वाट काढण्यास शिकलेल्या प्राण्यांना चाचणीच्या अर्धा तास आधी धक्का दिला, तर शिकलेली वाट त्यांना आठवेना. पण तोच धक्का दोन मिनिटे आधी किंवा चार तास आधी दिला, तर त्यांच्या स्मरणात बिघाड दिसला नाही. द्रव्य रक्तात चढण्यास लागणाऱ्या वेळेशी हे जुळते. हा प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी माणसांवर झालेल्या प्रयोगात, आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवण्याआधी एक तास त्याच वर्गातील औषध दिले असता आठवणारे शब्द कमी झाले. शिकण्यापूर्वी किंवा शिकल्यावर लगेच ते दिले तर असे घडले नाही. साठवण शाबूत होती, बाहेर काढण्यात अडथळा आला. तेव्हा घरी परतताना रस्त्यात उत्तर आठवणारा विद्यार्थी थाप मारीत नाही.

येथवरचे सगळे ऐकून असे वाटेल, की परीक्षेच्या दिवसाचा बंदोबस्त केला म्हणजे काम झाले. बहुतेक उपदेशही तसाच असतो : दीर्घ श्वास घ्या, दही-साखर खाऊन निघा, आधी सोपे प्रश्न सोडवा. यात वाईट काही नाही. पण १९८१ मध्ये मिशिगन विद्यापीठातील काही संशोधकांनी या समजुतीला एक साधा प्रश्न विचारला. चिंतेमुळे केवळ आठवण्यातच अडथळा येत असेल, तर जेथे आठवण्याची गरज नाही तेथे चिंताग्रस्त विद्यार्थी इतरांच्या बरोबरीने यावयास हवेत. घरी नेऊन, पुस्तके उघडून सोडवण्याची प्रश्नपत्रिका त्यांना दिली, तर काय होईल? ते तेथेही मागे पडलेले आढळले. म्हणजे विषय मनात शिरतानाच काही बिघडले होते. पुढे १९८७ मध्ये याच गटातील संशोधकांनी चिंताग्रस्त विद्यार्थ्यांचे दोन प्रकार सांगितले. एकाचा अभ्यास चांगला झालेला असतो आणि दालनात त्याचे अवसान गळते. दुसऱ्याची अभ्यासाची रीतच सदोष असते. दोघेही बाहेर आल्यावर एकच वाक्य बोलतात.

या दिशेने सर्वांत बोलका पुरावा अलीकडचा आहे. जर्मनीत वैद्यकाच्या अंतिम राजकीय परीक्षेची तयारी करणाऱ्या ३०९ विद्यार्थ्यांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. हे विद्यार्थी एका संगणकीय व्यवस्थेवर जुने प्रश्न सोडवीत तयारी करीत होते, त्यामुळे कोणाला केव्हा किती येत होते याची नोंद आपोआप होत गेली. शिवाय खऱ्या परीक्षेपूर्वी सराव-परीक्षाही झाली. चिंता अधिक असणाऱ्यांना गुण कमी पडले, हे नेहमीप्रमाणेच दिसले. परंतु परीक्षेपूर्वी प्रत्येकाला किती येत होते हे हिशेबात धरल्यावर, परीक्षेच्या वेळच्या चिंतेचा स्वतंत्र असा परिणाम उरलाच नाही. उलट ज्यांचा स्वभाव परीक्षेची चिंता करण्याचा होता, त्यांच्या ज्ञानात तयारीच्या काळातच इतरांपेक्षा कमी भर पडलेली दिसली. जे दालनात हरवले असे वाटत होते, ते मुळात पुरते हाती आलेलेच नव्हते.

एका अभ्यासावर सगळा निवाडा टाकू नये हे खरे. प्रयोगशाळेत, पैशाचे किंवा प्रतिष्ठेचे दडपण आणून केलेल्या प्रयोगांत ऐन वेळचा फटका स्पष्ट दिसलेला आहे, आणि तोंडी परीक्षेत तो अधिक असणे संभवते. परंतु वैद्यकाच्या खऱ्याखुऱ्या परीक्षेतील हा पुरावा वजनदार आहे, आणि तो पाहण्याची दिशा बदलतो. प्रश्न असा होतो, की त्या तीन महिन्यांत अभ्यासिकेत काय घडते?

पहिली गोष्ट घडते ती टाळाटाळ. ज्या विषयाची धास्ती आहे, त्याचे पुस्तक उघडले की पोटात कसेसे होते. मिटले की बरे वाटते. हे बरे वाटणे हेच मोठे घातक बक्षीस आहे. टाळल्याबद्दल मनाला दर वेळी तत्काळ मोबदला मिळतो, त्यामुळे टाळण्याचीच सवय जडते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना यात आळस दिसतो. पण आळशी मनुष्य टाळतो आणि स्वस्थ झोपतो. हा टाळतो आणि जागा राहतो. मग येतात वेळापत्रके. तांबड्या-हिरव्या शाईने आखलेले, रोजचे चौदा तास विभागून दिलेले वेळापत्रक हे पुष्कळदा अभ्यास टाळण्याचेच सर्वांत प्रतिष्ठित साधन असते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. जो बसतो, तोही एका विशिष्ट तऱ्हेने अभ्यास करतो : वाचलेले पुन्हा वाचतो. नोट्स तिसऱ्यांदा वाचताना डोळे सरसर पुढे जातात, ओळी ओळखीच्या वाटतात आणि मनाला धीर येतो. पण ओळख आणि आठवण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रस्त्यात भेटलेल्या गृहस्थाचा चेहरा ओळखता येतो आणि नाव काही केल्या सांगता येत नाही, तशातला हा प्रकार. अमेरिकेत सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचून पुढच्या तीन वेळा, उतारा समोर न ठेवता, आठवेल ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वारंवार वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के मजकूर सांगता आला, दुसऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पहिल्यांचे ४० टक्क्यांवर आले आणि दुसऱ्यांचे ६१ टक्के शिल्लक होते. आणखी एक गोष्ट अशी, की आठवड्यानंतर आपल्याला बरेच आठवेल अशी अधिक खात्री वाटत होती ती वारंवार वाचणाऱ्यांना.

आता चिंताग्रस्त विद्यार्थ्याच्या जागी उभे राहून पाहावे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिणे म्हणजे आपल्याला काय येत नाही याची बातमी स्वतःहून मागवणे. जी बातमी ऐकण्याचीच त्याला भीती वाटते, ती तो रोज संध्याकाळी का मागवील? तो पुन्हा वाचतो, कारण वाचण्यात धीर आहे. अशा रीतीने चिंता त्याला नेमक्या त्या साधनापासून दूर ठेवते जे त्याच्या सर्वांत उपयोगी पडले असते, आणि हा सौदा अभ्यासाच्याच नावाने होत असल्यामुळे कोणी त्याला हटकत नाही. परीक्षेत त्याला कोरा कागदच मिळतो. महिनाभर जी गोष्ट त्याने एकदाही करून पाहिली नाही, ती पहिल्यांदा तेथे करावी लागते.

तिसरी गोष्ट झोपेची. दिवसा शिकलेले स्मरणात पक्के होण्याचे पुष्कळसे काम झोपेत होते. पूर्वतयारीच्या सुट्टीत चहाच्या कपांवर काढलेल्या रात्री त्या कामातून वजा होतात. यावर फार लिहिण्याचे कारण नाही. हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी पाळीत नाही.

येथे एक आक्षेप हटकून येतो, की थोडी भीती हवीच. भीतीवाचून कोण अभ्यास करतो? या म्हणण्याला शास्त्राचा आधार म्हणून रॉबर्ट यर्किस आणि जॉन डॉडसन यांच्या १९०८ सालच्या प्रयोगाकडे बोट दाखवण्याची प्रथा आहे. ते प्रयोग गिरक्या घेणाऱ्या एका जातीच्या उंदरांवर झाले होते. चुकीच्या पेटीत शिरणाऱ्या उंदराला विजेचा धक्का मिळे. पेट्यांतील फरक ओळखणे सोपे असताना तीव्र धक्क्याने उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणे अवघड झाले, तेव्हा मात्र मध्यम धक्काच बरा ठरला. उंदराला बसलेल्या विजेच्या झटक्यावरून पदव्युत्तर विद्यार्थ्याला किती धाक घालावा हे ठरवणे धाडसाचे आहे. पण ठरवायचेच असेल, तर त्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भागही सांगितला पाहिजे : विषय जितका अवघड, तितका धाक सौम्य हवा. विद्यापीठात शिकवले जाणारे विषय सोपे आहेत, असे कोणी म्हणत नाही.

नुकसान सर्वांचे सारखे होत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९६२ मध्ये दाखवले, की अत्यंत बुद्धिमान विद्यार्थ्यांचे चिंतेने फारसे बिघडत नाही; खरा तडाखा बसतो तो मधल्या मोठ्या वर्गाला. पुढे जगभरच्या शेकडो अभ्यासांचे जे दोन मोठे आढावे १९८८ आणि २०१८ मध्ये घेतले गेले, त्यांतूनही चिंता आणि गुण यांचे विरुद्ध नाते कायम राहिले. ते नाते प्रचंड नाही, माफक आहे. चिंता म्हणजे नापास होण्याचे भाकीत नव्हे. पण जेथे चार गुणांनी प्रवेश हुकतो आणि एका विषयाने वर्ष जाते, तेथे माफक नात्याचीही किंमत जबर असते.

भारतात परीक्षेला हे वजन आले कोठून? मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवावे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ती रचना होती. विद्यापीठाचे विद्यार्थ्याला होणारे दर्शन प्रथमपासून प्रश्नपत्रिकेच्या रूपाने झाले. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्ये आपल्या अहवालात निःसंदिग्धपणे सांगितले, की विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली, तर ती परीक्षांची असावी. त्यानंतर सत्रपद्धती आली, श्रेयांक आले, अंतर्गत मूल्यमापन आले. हेतू असा, की एका दिवसाचा भार अनेक दिवसांत वाटला जावा. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी भार वाटला न जाता दिवसच वाढले. प्रत्येक चाचणीचे गुण गुणपत्रिकेत जात असल्यामुळे पूर्वी वर्षातून एकदा येणारी धास्ती आता दर सहा आठवड्यांनी येते, आणि एटीकेटीचे ओझे पुढच्या सत्रात सोबतीला असते.

उपायांच्या बाबतीत प्रथम एक भेद करणे अवश्य आहे. काही विद्यार्थ्यांची चिंता परीक्षेपुरती नसते. तिने झोप, भूक, माणसांत मिसळणे हे सारे ग्रासलेले असते. हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्या सर्वांमागे परीक्षाच होती असे मानणे चूक ठरेल. कारणे अनेक आणि गुंतागुंतीची असतात. पण हा आकडा वाचल्यावर “उगाच बाऊ करतो” हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये. भारत सरकारची ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते. मराठीतही बोलता येते.

परीक्षेच्या दिवसासाठी सुचवले गेलेले तोडगे मात्र जपूनच घ्यावेत. परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढली, तर चिंताग्रस्त विद्यार्थ्यांचे गुण वाढतात, असा एक निष्कर्ष २०११ मध्ये फार गाजला. २०१८ मध्ये तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा लाभ आढळला नाही. मंद श्वासाने धडधड कमी होते, हे चांगलेच आहे. पण मुख्य वैर धडधडीशी नाही, हे वर आलेच आहे.

खरा आधार अभ्यासाच्या रीतीतच सापडतो. टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये १२० जणांना शब्द आणि चित्रे लक्षात ठेवायला सांगितली. निम्म्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, निम्म्यांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटातील निम्म्यांना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला आणि तोंडी गणिते सोडवायला लावून भरपूर ताण दिला. नुसते पाहून अभ्यास केलेल्यांचे स्मरण ताणाखाली घटले. त्यांना तीसपैकी सरासरी ७ गोष्टी आठवल्या. आठवून अभ्यास केलेल्यांना त्याच ताणाखाली ११ आठवल्या, म्हणजे ताण न दिलेल्या सोबत्यांपेक्षा त्या कमी नव्हत्या. जे अनेकदा बाहेर काढून पाहिलेले आहे, ते ताणाच्या वेळीही बाहेर येते. शाळकरी मुलांच्या बाबतीत याचा आणखी एक गुण दिसला आहे. अमेरिकेत ज्या वर्गांतून बिनगुणांची छोटी प्रश्नोत्तरे नियमाने घेतली जात, तेथील सुमारे १,४०० विद्यार्थ्यांना २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विचारले असता, त्यामुळे मोठ्या परीक्षेची धास्ती कमी झाली असे ७२ टक्क्यांनी सांगितले.

‘बिनगुणांची’ हा यातील कळीचा शब्द आहे. तासाच्या आरंभी फळ्यावर मागील तासाचे पाच प्रश्न लिहावेत. विद्यार्थ्यांनी पुस्तक मिटून आपापल्या वहीत उत्तरे लिहावीत, मराठीत लिहिली तरी चालतील. मग अध्यापकांनी उत्तरे सांगावीत आणि प्रत्येकाने आपली वही आपणच तपासावी. वह्या गोळा करायच्या नाहीत, कोणाचे किती चुकले हे विचारायचे नाही. येत नसल्याची बातमी मग रोजच, लहान लहान हप्त्यांनी, कोणाच्याही देखत नव्हे अशी मिळत जाते आणि ती ऐकण्याची सवय होते. याला ना छापखाना लागतो, ना पर्यवेक्षक, ना विद्वत्सभेचा ठराव. लागतात ती तासातली आठ मिनिटे. आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई सुरू झाली, की सर्वांत आधी कापली जातात तीही हीच.